गिटारचा काठ आणि नखाची परीक्षा

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ माझी गिटार दुरुस्तीची खोली आहे. खोली म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला टांगलेल्या लोकांच्या गिटारी. खानापूरचा एक मुलगा आला. एका कारागिराकडून त्याने हाताने बनवलेली इलेक्ट्रिक गिटार करून घेतली होती, आठ महिने वाट बघून. गिटार पेटीतच राहिली, आधी मोबाइल पुढे आला. अकरा फोटो, आणि सगळे इतके जवळून काढलेले की गिटारचे आहेत की चंद्राचे तेच कळेना.

"पैसे सगळे भरलेत दादा, खरं हे असं कसं आलंय बघा की."

(आमच्या बेळगावी बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

तक्रारी चार होत्या. कडेच्या क्रीम रंगाच्या पट्टीवर एका जागी लाल रंग उतरलेला. कंबरेच्या वळणावर पट्टी आणि लाकूड यांच्यात केसाएवढी फट. वरच्या शिंगाजवळ (अंगाच्या वरच्या टोकाला आम्ही शिंग म्हणतो) नख फिरवलं की अडकणारी एक पायरी. आणि पाठीवर ढगासारखा पांढुरका डाग. फोटोत चारही सारखेच भयानक दिसत होते. प्रत्यक्षात त्यातला एक म्हणजे नुसती हाताच्या कामाची खूण होती, दोन घाईचे परिणाम होते, आणि एक असा होता की दुर्लक्ष केलं तर दर उन्हाळ्यात वाढत जाणार. कुठला कुठला ते समजायचं तर गिटारची कड आणि तिच्यावरचं पॉलिश कसं होतं ते थोडं बघावं लागेल.

कडेच्या पट्टीला बाइंडिंग म्हणतात. मी गिऱ्हाइकांना 'काठ' म्हणून सांगतो. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या गावात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. साडीचा काठ जसा शोभेलाही असतो आणि कड उसवू नये म्हणूनही असतो, तसंच हे. लाकूड कडेला कापलं की त्याच्या शिरांची तोंडं उघडी पडतात. तिथून ओल आत जाते, आणि आपटल्यावर ढलपी निघते तीही तिथूनच. ती तोंडं झाकायची, कोपऱ्याला धक्का सोसणारं काहीतरी लावायचं, आणि वरच्या-बाजूच्या लाकडाचा जोड लपवायचा, ही काठाची मूळ कामं. शोभा नंतरची. सरसकट सगळ्या इलेक्ट्रिक गिटारींना तो लागत नाही. फेंडर कंपनीची १९५० च्या सुमाराची सपाट फळीची गिटार बिनकाठाचीच होती; काठ असलेली टेलिकास्टर कस्टम १९५९ मध्ये आली. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारीला मात्र १९५२ पासून, म्हणजे पहिल्यापासून, क्रीम रंगाचा काठ आहे. महोगनीच्या लाकडावर मेपलचं लाकूड चिकटवलेला तो जोड झाकायला काहीतरी हवंच होतं.

आपल्याकडे हे काम परकं नाही. बेळगावहून रेल्वेने मिरजेला उतरा आणि सतारवाल्यांच्या गल्लीत जा. सतारीच्या तबलीच्या (पुढच्या फळीच्या) कडेने जी पांढरी नक्षीदार पट्टी फिरते, ती बहुतेक वेळा सेल्युलॉइडची असते. तिच्यावर बारीक खोदकाम करून काळा-लाल रंग भरलेला असतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पट्टी तीच, चिकटवण्याची कटकट तीच. फक्त तिथे कुणी पट्टीचा जोड मोबाइलवर मोठा करून बघत नाही.

आता काम कसं होतं ते. गिटारच्या कडेला राऊटरने (खाच पाडायच्या यंत्राने) एक खाच मारतात. पट्टी साधारण दीड मिलिमीटर जाड आणि सहा-एक मिलिमीटर उंच. खाच तिच्यापेक्षा नखभर उथळ ठेवतात, म्हणजे पट्टी थोडी बाहेर राहते आणि नंतर घासून सपाट करता येते. सरळ कडेवर हे कुणीही करील. खरी परीक्षा तीन जागी: कंबरेचं आतलं वळण, कटअवेचं (मानेजवळ अंगाला दिलेल्या कापाचं) खोल वळण आणि शिंगाचं टोक. तिथे पट्टी गरम हवेने मऊ करून वाकवावी लागते. उष्णता कमी पडली तर पट्टी वळत नाही, जास्त झाली तर ताणली जाऊन टोकाला पातळ होते, आणि पांढऱ्याखेरीज दुसऱ्या रंगाची असेल तर ताणलेल्या जागी फिकट पडते. म्हणून शिंगाच्या टोकावर काठ बाकीपेक्षा जरा अरुंद दिसला तर घाबरू नका. तो तिथे ताणला गेलाय एवढंच. कारखान्यातल्या गिटारींवरही तो बघायला मिळतो.

कटअवेचं आणखी एक. लेस पॉलच्या जुन्या, पन्नाशीच्या दशकातल्या गिटारींत काठाची उंची सगळीकडे सारखी, त्यामुळे कटअवेमध्ये काठाच्या खाली मेपलची एक फिकट चंद्रकोर उघडी दिसते. पुढे बऱ्याच काळात तिथे उंच काठ लावून ती झाकली गेली. आज जुन्या पद्धतीने केलेल्या गिटारीत ती चंद्रकोर मुद्दाम ठेवतात, आणि नवखा माणूस म्हणतो, "इथे रंग मारायचा राहिलाय." राहिलेला नाही, सोडलेला आहे.

पट्टी चिकटते कशी, हे समजलं की निम्मे दोष समजतात. प्लॅस्टिकच्या काठाचा डिंक बहुतेकदा ॲसिटोनवर आधारलेला असतो. तो पट्टीला नुसता चिकटत नाही, तिचा पृष्ठभाग थोडा विरघळवतो आणि मऊ करतो. म्हणजे चिकटवल्यावर पट्टी काही दिवस फुगलेली असते, उडीद डाळ भिजल्यासारखी. कारागिराने चार-पाच दिवस वाट बघितली तर ॲसिटोन उडून जातं, पट्टी मूळ मापावर येते, मग घासली की लाकडाशी सपाट बसते. घाई केली आणि फुगलेली असतानाच घासली, तर आज सपाट दिसेल. महिन्याने पट्टी आकसते आणि लाकडापेक्षा खाली जाते. नख फिरवलं की पायरी लागते. त्या मुलाच्या गिटारच्या शिंगाजवळची पायरी ही अशीच. ॲसिटोन उडून आकसायचं तेवढं आकसून झालंय, आता फारशी वाढणार नाही. दिसायला वाईट, जिवाला धोका नाही.

मग रंग. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: काठाला टेप लावून रंग मारला तरी काठ कोरा राहत नाही. टेपखालून रंग झिरपतो, शिरांमधून तर नक्कीच. म्हणून जुनी पद्धत अशी की रंग काठावरूनही सरळ मारायचा आणि वाळल्यावर काठावरचा रंग हाताने खरवडून काढायचा. नॅशव्हिलच्या गिब्सन कारखान्यातही माणूस बसून पात्याने हे करतो. मी पात्याला टेप गुंडाळून काठाच्या रुंदीएवढीच धार उघडी ठेवतो. पातं उभं धरायचं, अंगठा लाकडाच्या कडेवर टेकवायचा आणि काठावरून अलगद ओढायचं. लाल भुगा पात्यापुढे गोळा होत जातो आणि मागे क्रीम रंगाची रेघ उघडी पडते. या वेळी मी फोन बंद ठेवतो. रस्त्यावरून एखादी केएसआरटीसीची बस हॉर्न वाजवत गेली आणि हात हलला, की पातं लाकडात जातं आणि पुढचे दोन दिवस तो ओरखडा भरण्यात जातात.

खरवडलेल्या रेघेला यंत्राची सफाई नसते. जवळून बघितलं तर ती किंचित नागमोडी असते आणि कुठेतरी रंगाचा एखादा ठिपका राहून जातो. हा हाताचा काठ. दीड हाताच्या अंतरावरून, घरातल्या साध्या उजेडात दिसत नसेल तर मी त्याला दोष म्हणत नाही. काही कारागीर प्लॅस्टिक न लावता मेपलचीच कड न रंगवता सोडतात. पॉल रीड स्मिथच्या गिटारींमुळे ती पद्धत लोकांच्या डोळ्यांत बसली. तिथे रेघ आणखी नागमोडी येते, कारण शिरांची उघडी तोंडं रंग शोषून आत ओढतात, टीपकागदासारखा. वळणावर जास्त, सरळ कडेवर कमी. लाकडाने केलेलं ते काम, त्याला कारागीर काय करणार.

आता फट. ही मात्र गंभीर गोष्ट.

फट दोन कारणांनी राहते. एक म्हणजे खाच थोडी मोठी झाली आणि पट्टी बसताना केसभर जागा उरली. चांगला कारागीर पट्टीचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची लांबी (भरायची पुट्टी) करतो आणि ती जागा भरतो. मागून शोधूनही सापडत नाही. दुसरं कारण आकसणं. लाकूड ओलीप्रमाणे फुगतं-आकसतं, आणि प्लॅस्टिक वर्षानुवर्षं हळूहळू आकसतच जातं. वळणावर ताणून चिकटवलेली पट्टी आकसली की तिला जवळची वाट हवी असते. दोरी दोन्ही टोकांना ओढली की ती वळण सोडून सरळ होते ना, तेच. म्हणून आकसणारी फट नेहमी आतल्या वळणावर येते, कंबरेला किंवा कटअवेत, बाहेरच्या फुगवट्यावर कधीच नाही. बाहेरच्या वळणावर फट दिसली तर बहुधा खाच चुकली आहे आणि ती तेवढीच राहील. आतल्या वळणावर दिसली तर संशय घ्यायचा.

संशय कसा मिटवायचा? वहीचा साधा कागद घ्या आणि त्याची कड फटीत सारून बघा. शिरत नसेल तर फट बहुतेक पॉलिशमधल्या चिरेपुरती आहे. शिरत असेल तर किती लांबीवर शिरतो तिथे दोन्ही टोकांना मास्किंग टेपचे बारीक तुकडे लावा, टेपवर तारीख लिहा. महिन्याने, आणि एकदा शिमग्याच्या आसपास, पुन्हा बघा. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी ओली असते की खोलीतला ओलाव्याचा काटा नव्वद टक्क्यांच्या घरात जातो, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका. आणि फेब्रुवारी-मार्चला तीच हवा कोरडी होऊन ओठ फाटतात. लाकडाला हा फेरा दरवर्षी सोसावा लागतो. पावसाळ्यात बंद असलेली फट मार्चमध्ये उघडते. नेकवरच्या (मानेवरच्या) काठालाही तेव्हाच प्रत्येक फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) टोकाशी बारीक उभ्या चिरा पडतात, कारण लाकूड आकसतं, धातूची फ्रेट आकसत नाही, आणि ती काठाला आतून ढकलते. एखाद-दुसरी चीर असेल तर सोडून द्यावी. दर फ्रेटला असेल आणि हाताला टोचत असेल तर दुरुस्ती लागते.

फटीत स्वतः फेविक्विक सोडू नका. गेल्या वर्षी असा एक शहाणा माझ्याकडे आला होता. फट बुजली नव्हती, बाजूचं पॉलिश मात्र बोटाच्या ठशासकट कायमचं खडबडीत झालं होतं. बरोबर पद्धत अशी की काठ कंबरेपासून नेकजवळच्या टोकापर्यंत सोडवायचा, कंबरेत घट्ट बसवून पुन्हा चिकटवत न्यायचा, म्हणजे जेवढा आखूड पडला तेवढी जागा टोकाशी उघडी पडते, आणि तिथे त्याच पट्टीचा छोटा तुकडा घालायचा. टोकाशी तो कुणाला दिसत नाही.

काठ जुन्या सेल्युलॉइडचा असेल तर आणखी एक भानगड आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. होय, आपला आरतीचाच कापूर. खरवडताना त्याचा वास खोलीभर सुटतो. पूर्वी टेबल टेनिसचे चेंडू याचेच असत. पेट चटकन घेतं आणि म्हातारपणी कुजतंही: काठ पिवळा-तपकिरी होतो, चौकोनी चिरा पडून भुगा होतो, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने जवळचे स्क्रू, पिकअपचं (तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाचं) कव्हर, तारा गंजतात. बंद पेटीत ठेवलेल्या गिटारचं एकाच बाजूचं धातूकाम हिरवं पडलेलं दिसलं तर तारा बदलत बसू नका, आधी काठाचा आणि पिकगार्डचा (तारांखालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचा) वास घ्या. नव्या गिटारीत हा प्रकार नसतो. आज बरेच जण एबीएस प्लॅस्टिक वापरतात.

आता पाठीवरचा ढग. इथे मला माझीच फजिती सांगितली पाहिजे.

फर्निचरवाले ज्याला 'ड्यूको' म्हणतात तो शब्द ऐकला असेल. ड्यूको हे ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव. १९२०च्या दशकात तो मोटारींसाठी आला आणि दिवसभरात वाळत असल्याने मोटारींचे कारखाने त्याच्यावर तुटून पडले. गिटारवाल्यांनी तो मोटारवाल्यांकडून उचलला. फेंडरचे ते प्रसिद्ध लाल-निळे रंग ड्युपाँटच्या मोटारींच्या रंगांच्या यादीतलेच होते. म्हणजे उद्यमबागेत कपाटाच्या दारावर स्प्रे मारणारा मामा आणि कॅलिफोर्नियातला गिटारवाला एकाच घराण्यातले. आज त्याला आपण लॅकर किंवा नायट्रो म्हणतो.

नायट्रो वाळतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, एवढंच. रासायनिक बदल काही होत नाही. त्यामुळे नवा थर जुन्या थराला विरघळवून त्यात मिसळतो, आणि वर्षानंतरही थिनर लावलं की तो पुन्हा मऊ होतो. दोन भागांचं पीयू (पॉलीयुरेथेन) वेगळं: त्यात हार्डनर मिसळला की ते भाताच्या पेजेसारखं नाही, सिमेंटसारखं घट्ट होतं, आणि मागे फिरत नाही. दोन्हींचे दोष म्हणून वेगळे. पीयूचे थर एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे घासताना वरचा थर एका जागी संपला की नकाशातल्या समोच्च रेषांसारखी एक कड दिसते. नायट्रोत ती दिसत नाही. पण नायट्रो पुढे कित्येक महिने आकसत राहतं, म्हणून महोगनीच्या उघड्या छिद्रांत ते खाली बसतं आणि आरशासारखी पाठ वर्षभराने तिरक्या उजेडात किंचित खळगेदार दिसते. लांबी नीट भरली नव्हती असा आरोप होतो. कधी खरा असतो, बऱ्याचदा नसतो.

तर, माझी फजिती. पहिली गिटार मी जुलैमध्ये स्प्रे केली. बाहेर धो धो पाऊस. दहा मिनिटांत सगळी पाठ दुधासारखी पांढरी. मी थिनरवाल्याला शिव्या घालत दुकानात गेलो, तिथून उद्यमबागेत पॉलिशवाल्या मामाकडे. मामाने गिटारकडे न बघता आभाळाकडे बघितलं. "पावसात ड्यूको मारालास काय गा? डोकं हाय काय?" मग चहा पाजून समजावलं. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं म्हणून. थिनर पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने उडतं, त्यामुळे लॅकरचा पृष्ठभाग एकदम गार पडतो. हवा ओली असेल तर ताकाच्या गार तांब्यावर जसे थेंब येतात तशी ओल त्या ओल्या लॅकरवर बसते आणि आत अडकते. लॅकर स्वच्छ न वाळता त्यात सूक्ष्म पांढरे कण राहतात, आणि उजेड विखुरून सगळं ढगाळ दिसतं. याला ब्लशिंग म्हणतात. उपाय, हळू उडणारं थिनर मिसळणं किंवा कोरड्या दिवसाची वाट बघणं. मामाचा सल्ला यातला दुसरा होता.

बाकीचे पॉलिशचे दोष लवकर सांगून टाकतो, कारण त्यांत फारसं काही नाही. नारंगीच्या सालीसारखा पृष्ठभाग म्हणजे रंग जाड होता किंवा बंदुकीतली हवा कमी होती, घासून जातो. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे म्हणजे खाली सिलिकॉन राहिलं, कुणीतरी गाडीचं पॉलिश त्याच टेबलावर वापरलं असणार. गोल गोल बारीक ओरखडे म्हणजे बफिंग अर्धवट. काठाच्या कोपऱ्यावर खालचं लाकूड किंवा फिकट रंग दिसतोय म्हणजे पाणीपेपरने घासताना थर संपला. हा मात्र कारागिराने आपल्या डोळ्यांनी बघून पुढे पाठवलेला दोष आहे, विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणि नायट्रोवर काचेसारख्या बारीक चिरा पडल्या तर बहुधा थंडीचा मार आहे. हिवाळ्यात रात्रभर बसच्या डिकीत राहिलेली गिटार घरी आणून लगेच उघडू नका. पेटी बंद ठेवूनच दोन-चार तास खोलीत राहू द्या. रबरी स्टँडवरही नायट्रोची गिटार ठेवू नका, रबरातलं रसायन लॅकर मऊ करतं आणि तिथे कायमचा चट्टा राहतो.

मुलाच्या गिटारकडे येतो. ढग नायट्रोतला की पीयूतला, हे आधी कळायला हवं. मी मागचं झाकण उघडलं आणि आतल्या पोकळीच्या कडेला, जिथे कुणाला दिसणार नाही, कापसावर थोडं थिनर घेऊन टेकवलं. अर्ध्या मिनिटात कापूस चिकटायला लागला. नायट्रो. मग ढगावर दिवा आडवा धरला. डाग वरच्या थरात होता, खोल नव्हता. कारागिराला फोन लावला. त्यांनी सांगितलं की पाठीचे शेवटचे दोन थर ऑगस्टमध्ये मारले होते, मुलगा रोज फोन करत होता म्हणून. मुलगा खाली बघत होता.

ठरलं असं. लाल ठिपका मी तिथल्या तिथे पात्याच्या टोकाने काढला, दोन मिनिटं लागली. शिंगाजवळची पायरी तशीच ठेवली. बुजवायला गेलो तर सगळी कड पुन्हा स्प्रे करावी लागेल, आणि ते करण्याइतकी ती वाईट नाही. ढगावर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, हळू उडणाऱ्या थिनरचा एक हलका फवारा. थर पुन्हा मऊ होईल, अडकलेली ओल निघून जाईल. कंबरेच्या फटीत कागद अडीच सेंटिमीटरभर शिरला. दोन्ही टोकांना टेप लावून तारीख टाकली. कारागिरांशी बोलून ठेवलंय, मार्चमध्ये फट वाढली असेल तर काठ सोडवून ते स्वतः बसवून देणार, मजुरी न घेता.

"मग आता वाजवायची नाही काय?" मुलगा म्हणाला.

वाजवायची की. मी तारा सुरात लावून त्याच्या हातात दिली. टेपचे दोन पिवळे तुकडे कंबरेला तसेच होते.